सरांनी सांगितलेली शाल

परुळेकर सरांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं बोलणार आहे आणि त्या भरात हे राहून जायला नको. विक्रोळीपासून चेंबूरपर्यंतच्या बायकांनी मला फसवायचा प्रयत्न केला आहे. आतून विरलेल्या पँटी वरून कडक इस्त्री करून दिल्या, साडीचं भोक घडीत लपवलं, एकच धोतर गाठोड्यात दोनदा फिरवलं. एकीचंही चाललं नाही. जुने कपडे घेऊन नवी भांडी द्यायचा धंदा मी डोक्यावर पाटी घेऊन सुरू केला आणि आज घाटकोपरला माझं स्वतःचं भांड्यांचं दुकान आहे. फसणाऱ्या बाईचं असं दुकान होत नाही. मला फसवलं ते एकाच माणसाने, एकदाच, आणि तेही एक अक्षर खोटं न बोलता.

पहिल्या भेटीतच मी त्यांच्याशी भांडले होते. पंतनगरात तळमजल्यावर त्यांचं घर. दार उघडं होतं. मी आरोळी दिली तशी बनियन घातलेला एक उंच, हडकुळा माणूस हातात दोन जुन्या पँटी घेऊन बाहेर आला. पाटीतल्या भांड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "तुम्हाला बोहारीण का म्हणतात, माहीत आहे?"

जालन्याकडून मुंबईत आलेल्या माझ्यासारख्या बाईला असल्या प्रश्नांची सवय असते. पहिला प्रश्न धंद्याचा, दुसरा गावाचा, तिसरा आडनावाचा, आणि मग पाण्याचा तांब्या आत जातो. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माहीत नाही आणि करायचंय काय? कपडे द्यायचे तर द्या, नाहीतर दार लावून घ्या."

त्यांना राग आला नाही. ते उंबऱ्यावर उकिडवे बसले आणि एखाद्या पोराला समजवावं तसं बोलू लागले. "व्यवहार. व्यवहाराचा वोहार, वोहाराचा बोहार. असं असावं, अगदी खात्री नाही. म्हणजे व्यवहार करणारी ती बोहारीण. वाईट शब्द नाही हो. सोलून बघितला तर चांगला निघाला." एवढं बोलून त्यांनी दोन्ही पँटी माझ्या पाटीत ठेवल्या, चहाची एक गाळणी उचलली आणि आत निघून गेले. त्या पँटींवर मी मधल्या आकाराचं पातेलंसुद्धा सोडलं असतं.

तिथून निघताना मी घाबरलेली होते. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाची मला भीती वाटते. भांडणाऱ्याच्या पोटात काय आहे ते त्याच्या ओठांवर येतं. जो मागितलं ते देतो, त्याला आपल्याबद्दल असं काही माहीत असतं जे आपल्याला माहीत नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

सर एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. लहानपणी ज्या शाळेत गेले तिथे एक म्हातारे पाद्री होते. त्यांनी या हडकुळ्या पोराला शाळा सुटल्यावर लॅटिन शिकवलं. का शिकवलं, ते सरांनाही सांगता यायचं नाही. "त्यांना कुणालातरी शिकवायचं होतं आणि माका घराक जावचा नव्हता," एवढंच म्हणायचे. एरवी त्यांचं मराठी पुस्तकासारखं असायचं. पण मनातलं काही बोलायची वेळ आली की मालवणी तोंडात यायची. त्यामुळे मला एक खूण कळली होती. सर पुस्तकासारखं बोलत असतील तर ते सर आहेत, मालवणीत बोलले तर ते खरे आहेत.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी सुलभा नाशिकला. मी त्या बाजूला गेले की सरांचं दार शेवटचं ठेवायची, म्हणजे पाटी खाली ठेवून बसता यायचं. ते चहा करायचे आणि मला शब्द द्यायचे. खरंच सांगते, दुसरे लोक बिस्किट देतात तसे ते शब्द द्यायचे. मी दहावीपर्यंत शिकलेली, वाचायची आवड असलेली, पण इंग्रजी कागद दिसला की माझे हातपाय गार पडायचे. आमच्या वस्तीत इंग्रजी कागद कधी चांगली बातमी घेऊन आलेला नाही. सरांना ते पहिल्याच महिन्यात कळलं. "कित्याक भितंस गो?" ते म्हणायचे. "लांबलचक शब्द म्हणजे फणस. वरून काटे. सोलून बघ, आत गरे असतात."

एकदा त्यांनी माझ्या गाठोड्यातलं एक धोतर उचललं आणि त्याचा धागा बोटावर ओढून म्हणाले, "टेक्सेरे. लॅटिनमध्ये विणणं. त्याच्यातून टेक्स्टाइल आलं आणि त्याच्यातूनच टेक्स्टबुक आलं. माझ्या बापाने टेक्स्टाइल विणलं, मी टेक्स्ट शिकवलं. आमच्या घराने धंदा बदललाच नाही." मी म्हटलं, "आणि मी दोघांची रद्दी घेते." ते इतके हसले की चहा सांडला. निवडणूक आली की पांढरे शुभ्र कपडे घातलेले लोक गल्लीत हात जोडत फिरायचे. त्यांच्याकडे बघून सर मला हळूच म्हणायचे, "कँदिदुस म्हणजे पांढराशुभ्र. कँडिडेट म्हणजे पांढरे कपडे घातलेला माणूस. रोमन लोकांनी त्याच्या कपड्यांवरून नाव ठेवलं, कामावरून नाही. शहाणे होते."

पण सरांचं खरं मोल मला कळलं ते नोटिशीच्या वेळी. तेव्हा मी डोंगराच्या उतारावर नाल्याजवळच्या झोपडीत राहत होते. एके दिवशी दारावर इंग्रजी कागद चिकटवलेला. शेजारची बाई रडत म्हणाली, आता वाट लागली. मी तो कागद सोलायला घेऊन सरांकडे धावले. धावले म्हणजे अक्षरशः धावले, पायात चप्पल नव्हती. कागद मी इतका घट्ट धरला होता की त्यांच्या हातात देताना तो फाटला.

सरांनी वाचला. नाल्याला लागलेली घरं पाडायची नोटीस होती. एका शब्दावर बोट ठेवलं. "इव्हिक्शन. घाबरू नको, आधी सोलू. विन्केरे म्हणजे जिंकणं. व्हिक्टरी त्याच्यातूनच आली. त्याच्या आधी 'ए' लागला, म्हणजे बाहेर. जिंकून बाहेर काढणं. आता मला सांग, तुला कुणी जिंकलं?"

"कुणी नाही."

"तुझ्याशी कुणी लढलं?"

"कुणी विचारलंपण नाही."

"मग हा शब्द अजून पुरा झालेला नाही. लढाई होत नाही तोवर कुणी कुणाला इव्हिक्ट करत नाही. जा आणि आधी लढ."

मी गेले. नोटीस काढणाऱ्या ऑफिसात गेले, साहेबांपुढे उभी राहिले. मला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या एका शब्दाचं पोट मला माहीत होतं. मी सांगितलं, पुन्हा मोजा, माझं घर नाल्याला लागत नाही. ते म्हणाले मोजलंय. मी म्हटलं, माझ्यासमोर मोजा. रोज जाऊन बसले. बाजारात जशी बसते तशी बसले, उठायला तयार नाही, आवाज खाली घ्यायला तयार नाही. शेवटी माणूस फीत घेऊन आला. मोजल्यावर माझं घर रेषेच्या या बाजूला निघालं. त्या दिवसापासून मी सरांचं म्हणणं वेदवाक्य मानलं नाही, आमच्यात वेद मानत नाहीत. पण नेहमीच्या ठरलेल्या दुकानातून माल घ्यावा तसा मी त्यांच्याकडून धीर घेऊ लागले. तपासून बघायची गरज उरली नाही.

दुकान झालं तेव्हा दारावरच्या फलकाचं नाव त्यांनीच वाचून पाहिलं. आम्ही एकमेकांच्या घरचे झालो होतो. ते मला 'तुम्ही'वरून 'गो कांता'वर आले होते, मी मात्र सरांना सरच म्हणत राहिले.

मग त्यांची कॉलर सैल झाली. हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. माणूस वाळला की चेहऱ्याआधी कपडा सांगतो. मी इतके कपडे हातांखालून घातले आहेत की कुठला शर्ट अंगाने भरला होता आणि कुठला नुसता खांद्यावर लटकला होता, ते मला घडीवरून कळतं. सरांचा निळा शर्ट मानेपासून सुटला होता. मी विचारलं, तर म्हणाले, उन्हाळा आहे. पुढच्या वेळी पट्ट्याला नवं भोक पाडलेलं दिसलं.

मी ओरडले तेव्हा डॉक्टरकडे गेले. परत आले ते हसत. "इन्व्हेस्टिगेशन करायला सांगितलंय. वेस्तिगिउम म्हणजे पावलाचा ठसा. माझ्या आत कुणीतरी चालत गेलंय, त्याची पावलं शोधणार आहेत." मला हसू आलं नाही. मला रात्रंदिवस ते पाऊल दिसायला लागलं. दुकानात स्टीलच्या डब्यांवर लोकांच्या बोटांचे ठसे उठतात, मी फडक्याने पुसते. ते पुसताना मला वाटायचं, सरांच्या आत फिरणारा हा कोण आहे आणि त्याला पुसायचं फडकं कुणाकडे आहे?

सुलभा आली, त्यांना हॉस्पिटलात नेलं, आणलं, पुन्हा नेलं. सलाइन, सुया, उलट्या, गळणारे केस. सर म्हणायचे, "पेशंट म्हणजे सोसणारा. हॉस्पिटल म्हणजे पाहुण्याचं घर. मी सोसणारा पाहुणा आहे. पाहुण्याने लवकर निघावं." मी त्यांना दटावायची. निघायचं म्हणजे घरी यायचं, एवढंच बोला. प्रत्येक खेपेला त्यांना टॅक्सीत बसवताना मला वाटायचं, ही शेवटची. मी कुणाला सांगितलं नाही. दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले. भीती वाटली की मला राग येतो, माझा तो जुना रोग आहे.

आणि मग एके दिवशी सर घरी आले आणि पुन्हा जायचंच नाही असं ठरलं. सुलभाने कॉटवर उशा लावून त्यांना बसवलं होतं. मी दारातून विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"ट्रीटमेंट बदलली," सर म्हणाले. "आता पॅलिएटिव्ह."

नवा शब्द, लांब, काटेरी. माझे हात गार पडले. सरांनी ते बघितलं. माझ्याकडे बघून त्यांनी जे केलं त्यालाच मी फसवणूक म्हणते. ते मास्तर झाले. आवाज नीट लावला, पुस्तकातलं मराठी काढलं.

"सोलूया. पालिउम. जुने लोक अंगाभोवती गुंडाळायचे ते चौकोनी कापड. त्याला शिवण नाही, बाही नाही, गुंडी नाही. नुसतं अंगावर घ्यायचं. तू शाल म्हण."

"म्हणजे शालीसारखं औषध?"

"शालीसारखंच. आता सुया नाहीत, किरणांनी जाळणं नाही, उलट्या नाहीत. अंगावर शाल घालून बसायचं."

कापडाचा शब्द निघाला म्हटल्यावर माझी भीती एका क्षणात उतरली. कापड माझ्या घरचं होतं. सुया बंद झाल्या म्हणजे रोग हटला असणार. जखम भरत आली की पट्टी हलकी करतात तसं हे असणार. सुलभा ओट्याजवळ पाठमोरी उभी होती आणि नळ उगाचच सोडलेला होता. ते मी बघितलं, पण काय बघितलं ते समजून घेतलं नाही. मोबाइल माझ्या हातात होता. त्यात बघता आलं असतं. पण ज्या दुकानातून इतकी वर्षं माल घेतला, त्याचा माल कुणी दुसऱ्या दुकानात नेऊन तपासत नाही.

त्या आठवड्यात एका बंगल्यातून गाठोडं आलं. त्यात एक लोकरीची शाल होती, पिवळसर, इतकी मऊ की हातात घेतली तरी हातात काही आहे असं वाटत नव्हतं. बाईला तिच्याबदल्यात मोठी कढई हवी होती. मी छोटीवर सौदा आणला, मग लाज वाटली आणि मोठी दिली. शाल धुतली, वाळवली आणि सरांच्या गुडघ्यांवर टाकली. घाटकोपरचा मे महिना, वर पंखा गरगरतोय, आणि सर शाल पांघरून बसलेले. शेजारची माणसं दारातून बघून जायची. मी रोज दुकान उघडायच्या आधी दारातून ओरडायची, "शाल घेतली का, सर?" आतून उत्तर यायचं, "घेतली गो." मग मी निश्चिंत मनाने दुकानात जायची. भाव कमी करून द्यायची. लोकांना वाटलं, कांताबाई सुधारल्या.

आता एका गिऱ्हाईक बाईचं सांगते. दुपारी दुकानात आली. तिला तीन पुडांचा डबा हवा होता, कामावर न्यायला. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र होतं. आणि घासाघीस अशी करत होती की मला मजा येत होती. झाकण सैल आहे, कडी हलकी आहे, पलीकडच्या गल्लीत याच्यापेक्षा जाड मिळतो. मीही जोरात होते. म्हटलं, पलीकडे मिळतो तर पलीकडे जा ना, ताई, इथे उन्हात कशाला उभ्या? ती हसली. मी हसले. सौदा जमायच्या बेतात होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही हॉस्पिटलात असता ना? आमच्या सरांनाही बरं वाटतंय आता. सुया बंद झाल्या. पॅलिएटिव्हवर ठेवलंय."

तिचा हात डब्यावरच थांबला. "घरी कोण आहे त्यांच्याजवळ?" तिने विचारलं.

मी सांगितलं, मुलगी आहे, मी आहे.

"बरं आहे," ती म्हणाली. "जवळच राहा." आणि पर्स उघडून मी पहिल्यांदा सांगितलेली किंमत, जिच्यावर ती एवढा वेळ भांडत होती तीच, काउंटरवर ठेवली. डबा घेतला. झाकणाचं काही बोलली नाही. कडीचं काही बोलली नाही. जाताना माझ्या मनगटाला हात लावून गेली.

माझ्या धंद्यात मला माहीत असलेली सगळ्यांत भयंकर गोष्ट माझ्यासमोर घडली होती. भांडणारं गिऱ्हाईक मधेच भांडायचं थांबलं होतं. तिला काहीतरी माहीत होतं. मी काउंटरमागे खाली बसले, डोक्यावर कढया टांगलेल्या, आणि त्या पंख्याच्या वाऱ्याने एकमेकींवर हलकेच आपटत होत्या. तो आवाज मी रोज ऐकते. त्या दिवशी तो कुणीतरी दार वाजवतंय असा ऐकू आला.

मी दुकान तसंच टाकून सरांच्या घरी गेले. सर जागे होते. सुलभा आत भात लावत होती.

"पॅलिएटिव्ह म्हणजे काय?" मी विचारलं.

"सांगितलं ना. पालिउम म्हणजे..."

"मूळ नको. अर्थ सांगा."

सरांनी शालीचा काठ बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "वरून पांघरूण घालतात. खालचं बरं करत नाहीत. बरं होणारं नसतं, तेव्हा."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"ज्या दिवशी तुला शाल सांगितली, त्या दिवसापासून."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पंतनगरच्या त्या बिल्डिंगने ते ऐकलं आहे. मी म्हटलं, तुम्ही मास्तर नाही, लबाड आहात. आतून विरलेला कपडा वरून इस्त्री करून दिलात. मला कळलं असतं तर मी त्या डॉक्टरापुढे जाऊन बसले असते, दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं असतं, तिसऱ्या नेलं असतं, दुकान फुंकलं असतं. मी भांडले असते.

"म्हणूनच नाही सांगितलं," सर म्हणाले. "तू माझ्यासाठी घासाघीस केली असतीस. प्रत्येक दारात. आणि मला प्रत्येक दारात न्यायला लागलं असतं. मी दमलो होतो."

"मग खोटं तरी बोलायचं. आजार गेला म्हणायचं. शाल कशाला सांगितली?"

"खोटं तुला लगेच ओळखता येतं," ते म्हणाले, आणि त्यांना थोडंसं हसू आलं. मग ते हसू गेलं आणि पुस्तकातलं मराठीही गेलं. "अर्थ सगळ्यांक ठाऊक होतो गो. सुलभाक, डॉक्टराक, शेजाऱ्यांक. कोणव येऊन बसलो की तेच्या डोळ्यांत माका अर्थ दिसायचो. तू एकटीच अशी होतंस, जिका नुसती शाल ठाऊक होती. तू दारातसून आराडतंस ना, शाल घेतली का म्हणून, तेव्हा घडीभर माकाय ती शालच वाटता." त्यांनी शाल छातीपर्यंत ओढून घेतली. "माका भिती वाटता गो, कांता."

या माणसाने मला इतकी वर्षं विचारलं होतं, कित्याक भितंस? नोटीस आली तेव्हा, दुकानाचे कागद झाले तेव्हा, प्रत्येक वेळी. मी ज्या दुकानातून धीर घेत आले, त्या दुकानाची फळी त्या दिवशी मी पहिल्यांदा मागून बघितली. तिच्यावर काही नव्हतं. ते आतून माझ्याइतकेच गारठलेले होते आणि शब्द सोलत होते ते माझ्यासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. लहानपणी घरी जायचं नव्हतं म्हणून लॅटिन शिकलेलं पोर. घरात असं काय होतं ज्याला ते भ्यायचं, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारायचं धाडस झालं नाही. सुलभा भाताची वाफ लागल्यासारखे डोळे पुसत दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दाराशी उभी राहिले. आत जायला पाय तयार होईनात. आता ओरडले तर ते खोटं, आणि नाही ओरडले तर त्यांच्या अंगावरचं पांघरूण मी स्वतःच्या हाताने ओढून काढलं, असं झालं असतं. बाजारात माझा आवाज कधी चिरकला नाही, तो त्या दारात चिरकला. तरी मी ओरडले.

"शाल घेतली का, सर?"

आतून लगेच उत्तर आलं नाही. मला वाटलं, संपलं. मग आवाज आला, "घेतली गो."

त्यानंतर रोज हेच. मी विचारायची, ते सांगायचे, आम्हा दोघांना अर्थ माहीत होता आणि दोघांनी तो काढला नाही. ते घेतली म्हणायचे तेव्हा त्यांना खरंच काही ऊब लागायची की ते माझ्यासाठी म्हणायचे, हे मला कळलं नाही. त्यांनी घासाघीस केली नाही, एवढंच मी सांगू शकते. पुढे आवाज निघेना, तेव्हा शालीवरून हात उचलून दाखवायचे. एका दुपारी सुलभाचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा पंखा बंद केलेला होता आणि शाल नीट घडी करून पायथ्याशी ठेवलेली होती. कुणी केली घडी, मी विचारलं नाही. पण चार कोपरे बरोबर जुळलेले बघून मला एवढी धडकी भरली की मी ती उलगडून पुन्हा त्यांच्या अंगावर घातली.

काही दिवसांनी सुलभाने त्यांचे कपडे कपाटातून बाहेर काढले. म्हणाली, ताई, हे तुम्हीच न्या, दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत. सैल कॉलरचा निळा शर्ट, नवं भोक पाडलेला पट्टा, पँटी. माझ्या धंद्याचा नेम आहे, कपडा घेतला की भांडं द्यायचं, फुकट घ्यायचं नाही. मी तिला दुकानात आणलं आणि म्हटलं, हवं ते उचल, मोठ्यात मोठं उचल. तिने इकडेतिकडे बघितलं आणि चहाची एक गाळणी घेतली. बापासारखीच. घासाघीस केलीच नाही.

शाल मी ठेवली आहे. पण सर गेल्यापासून माझं एक नुकसान झालं आहे आणि ते भरून निघत नाही. पूर्वी इंग्रजी शब्दाची भीती वाटायची, आणि सोलला की ती जायची. आता कुणी प्रेमाने समजवायला लागलं की मी जास्त घाबरते. डॉक्टर असो, वकील असो, बँकेतला पोरगा असो, आवाज नीट लावून गोड बोलायला लागला की मला वाटतं, हा मला मूळ सांगतोय आणि अर्थ पाठीमागे धरून उभा आहे. भीतीवरचं एकच औषध तुम्ही मला दिलं होतं, सर, आणि जाताना तेही नासवून गेलात.

तेव्हा आता माझा हिशेब ऐका. इव्हिक्शन हा शब्द तुम्हीच मला सोलून दिला होता. माणसाला बाहेर काढायचं तर आधी त्याला जिंकावं लागतं, लढाई झाली नसेल तर तो शब्द पुरा होत नाही, हे तुमचं बोलणं. त्या एका बोलण्यावर मी माझं घर राखलं. मग तुम्हाला तुमच्या घरातून काढलं तेव्हा लढाई कुठे झाली? तुमच्या बाजूने कोण उभं होतं? मी तुमच्या दारातच होते, रोज सकाळी, आवाज लावून, आणि तुम्ही माझ्या हातात शाल देऊन मला बाहेर बसवलंत. तुम्ही दमला होता, हे मी ऐकलं. तुम्हाला भीती वाटत होती, हेही ऐकलं. त्याने माझं भागत नाही. मला लढायला शिकवून स्वतःच्या वेळी मला न विचारता सौदा मिटवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

मूळ नको, सर. उत्तर द्या.